पानामागे पैसे दिले तर शुद्धता वाढेल का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातील एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाकडे १९२० ते १९५० या काळातील मराठी मासिकांचे बांधीव अंक आहेत. त्यांची पाने स्कॅन झाली आहेत, ओसीआर लावून यंत्राने वाचलेला कच्चा मजकूर तयार आहे आणि तो मूळ पानाशी ताडून दुरुस्त करण्याचे काम सुमारे चाळीस स्वयंसेवक दोन वर्षांपासून घरबसल्या करीत आहेत. काम चांगले होते, पण फार संथ होते. आता एक देणगी मिळाली आहे. काही विश्वस्तांना वाटते की पानामागे ठरावीक रक्कम दिली तर वेग येईल आणि लोक अधिक काळजीही घेतील. इतरांना भीती वाटते की पैसा आला की आस्था जाईल. आणि आपण मला विचारले आहे की दर किती ठेवावा.

दराचा प्रश्न मी शेवटी घेतो, कारण या सगळ्यात तो सर्वांत सोपा आहे. गेली चौदा वर्षे मी विखुरलेल्या माणसांकडून मराठीची कामे करून घेतो आहे: हस्तलिखितांचे टंकन, ध्वनिमुद्रणे ऐकून लिहून काढणे, फोटोंतील पाट्या वाचणे. त्या अनुभवावरून सांगतो की काम किती होईल आणि किती लवकर होईल हे रकमेच्या आकड्याने ठरते, पण ते कसे होईल हे आकड्याने फारसे ठरत नाही. पैसे कशाला बांधले आहेत, काम कोण आणि कशाशी ताडून तपासतो आणि काम नाकारले गेले तर करणाऱ्याला दाद मागता येते का, यांवर दर्जा अवलंबून असतो. म्हणून पैसे जरूर द्यावेत. मात्र पानामागे देऊ नयेत, आणि आज जे स्वयंसेवक आहेत त्यांच्या हातातील कामावर दर लावू नये.

शेती केलेल्या कोणालाही यात नवीन काही वाटणार नाही. खुरपणी रोजाने लावली तर बांधावर उभे राहून वेग पाहावा लागतो. उक्ती दिली तर वेगाची काळजी नसते, पण गवत मुळासकट निघाले की वरच्यावर कापले गेले हे वाकून पाहावे लागते. कापूस वेचणीची मजुरी किलोवर असते आणि म्हणून ओझ्यात काडीकचरा येतो. त्यात वेचणारीच्या अप्रामाणिकपणापेक्षा तराजूचा वाटा मोठा असतो, कारण तराजूला कापूस आणि पाचोळा यांतला फरक कळत नाही. पानामागे पैसे म्हणजे आपण तोच तराजू टांगणार आहात.

इंटरनेटवरून वाटल्या जाणाऱ्या कामांबाबत हे प्रयोग करून पाहिलेले आहे. विंटर मेसन आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अॅमेझॉनच्या मेकॅनिकल टर्क या मंचावरील लोकांना रहदारीची छायाचित्रे काळाच्या क्रमाने लावण्याचे काम दिले. काहींना पैसे नव्हतेच, काहींना एका संचामागे एक सेंट, काहींना पाच, काहींना दहा. ज्यांना जास्त मिळत होते त्यांनी जास्त संच लावले, पण क्रम लावण्यातील अचूकता सर्व गटांत जवळपास सारखीच राहिली. नंतर लोकांना विचारले की या कामाचे योग्य मोल काय, तेव्हा प्रत्येक गटाने स्वतःला मिळत होते त्याहून थोडा वरचा आकडा सांगितला. एक सेंट मिळणाऱ्यालाही थोडेसे कमीच मिळाल्यासारखे वाटले आणि दहा सेंट मिळणाऱ्यालाही. मिळणारी रक्कमच कामाच्या किमतीचे माप बनते, आणि म्हणून ती वाढवली तरी ‘आपल्याला भरपूर मिळते आहे, तेव्हा जीव ओतून करू’ असे कोणाच्या मनात येत नाही. आपल्या विश्वस्तांचा जो पहिला तर्क आहे, जास्त पैसे म्हणजे जास्त काळजी, तो येथेच अडतो.

त्याच अभ्यासातला दुसरा भाग आपल्या कामाचा आहे. शब्दकोड्यांत लपलेले शब्द शोधण्याचे काम होते. काहींना सापडलेल्या प्रत्येक शब्दामागे पैसे मिळत, काहींना पूर्ण कोड्यामागे. पूर्ण कोड्यावर मोबदला बांधला तेव्हा कमी पैशांत अधिक चांगले काम झाले. हे वाचल्यापासून मी कामाचा तुकडा शक्य तेवढा अर्थपूर्ण आणि अखंड ठेवतो. मासिकाच्या बाबतीत असा तुकडा म्हणजे लेख. पानाच्या तळाशी अर्धे राहिलेले वाक्य, पुढच्या पानावर गेलेला जोडशब्द, मध्येच घुसलेली केशतेलाची जाहिरात हे सारे पानावर पैसे घेणाऱ्याच्या हद्दीबाहेर पडते. लेखावर पैसे घेणाऱ्याला ते जुळवल्याशिवाय काम पुरे झाल्यासारखे वाटत नाही.

आता पैसे मुळीच न देणे आणि थोडे देणे यांतला फरक पाहू, कारण अपुऱ्या निधीच्या संस्था येथे हमखास चुकतात. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी यांनी २००० साली इस्रायलमधील विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. सर्वांना हजेरीचे सारखे पैसे देऊन पन्नास प्रश्न सोडवायला दिले. ज्यांना उत्तरांचे वेगळे पैसे नव्हते त्यांची सरासरी सुमारे २८ बरोबर उत्तरे आली. प्रत्येक बरोबर उत्तराला शेकेलचा, म्हणजे इस्रायली चलनाचा, दहावा भाग मिळणाऱ्यांची सुमारे २३. एक शेकेल मिळणाऱ्यांची सुमारे ३४. आणि तीन शेकेल मिळणाऱ्यांचीही जवळपास तेवढीच. चिमूटभर पैसा हा शून्याहून वाईट ठरला आणि एका मर्यादेनंतर वाढवलेला पैसा निरुपयोगी. मला यात अपमानापेक्षा हिशेबाचा भाग अधिक दिसतो. पैसे नसतात तेव्हा माणूस ‘हे काम चांगले झाले पाहिजे’ या मापाने चालतो. दर सांगितला की तो, त्याच्याही नकळत, ‘एवढ्यात एवढे’ या मापाने चालू लागतो, आणि ‘एवढे’ लहान असले की कामही लहान होते. पानाला तीन रुपये देऊन स्वयंसेवकांचा ‘सन्मान’ करण्याची सूचना मी एकदा एका बैठकीत ऐकली आहे. त्यापेक्षा वर्षातून एकदा पुरणपोळीचे जेवण द्यावे, असे मी तेव्हाही म्हणालो होतो.

मेकॅनिकल टर्कचा उल्लेख आला म्हणून त्याच्या व्यवहारातली एक खाच सांगतो. हा मंच २००५ मध्ये सुरू झाला. त्याचे नाव अठराव्या शतकातल्या एका बुद्धिबळ खेळणाऱ्या ‘यंत्रा’वरून घेतले आहे, ज्याच्या पेटीत प्रत्यक्षात माणूस दडलेला असे. २०१० च्या सुमारास तेथे काम करणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक भारतातील होते. २०१८ मध्ये आलेल्या एका अभ्यासाने लाखो कामांच्या नोंदी तपासून दाखवले की मध्यम कमाई ताशी सुमारे दोन डॉलर पडते, कारण काम शोधण्यात आणि नाकारल्या गेलेल्या कामात गेलेल्या वेळेचे काहीच मिळत नाही. खाच ही की काम देणारा केलेले काम नाकारू शकतो, पैसे न देता ठेवून घेऊ शकतो, आणि नकारांची टक्केवारी त्या माणसाच्या नावावर कायम चिकटते. त्यामुळे तेथे ठोक दर असला तरी तो खऱ्या अर्थाने ठोक नसतो. प्रत्येक जण ‘किती चांगले केले म्हणजे नाकारणार नाहीत’ याचा अंदाज बांधून काम करतो. ही भीती दर्जा राखते, पण ती कोणत्या प्रकारचा दर्जा राखते हे नियम लिहिणाऱ्याने फार जपून पाहावे लागते. हा धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकलो.

काही वर्षांपूर्वी एका कंपनीसाठी मी मराठी बोलण्याच्या ध्वनिमुद्रणांचे लेखन करून घेत होतो. सूचना स्पष्ट होती: जसे ऐकू येईल तसेच लिहावे. तपासणीसाठी प्रत्येक तुकडा तिघांकडे जाई. दोघांचे जुळले की ते बरोबर धरले जाई आणि ज्याचे जुळले नाही त्याचे पैसे कापले जात. नियम मीच लिहिला होता आणि कागदावर तो निर्दोष दिसत होता. पहिल्या आठवड्यात वऱ्हाड-खानदेशाकडच्या मुद्रणांत ‘पानी’, ‘शाया’, ‘केयं’ असे जसेच्या तसे लिहून येत होते. चौथ्या आठवड्यापर्यंत सगळीकडे ‘पाणी’, ‘शाळा’, ‘केळं’. माणसे तीच होती आणि आवाजही तेच होते. झाले इतकेच की लोकांच्या लक्षात आले की कानाला जे ऐकू येते ते लिहिले तर जुळण्याची खात्री नाही, शाळेत शिकवलेले लिहिले तर आहे. तिघांनीही, एकमेकांशी न बोलता, ‘बाकीचे दोघे काय लिहितील’ हे लिहायला सुरुवात केली. जुळण्याचे प्रमाण वाढत होते, माझे आलेख सुंदर दिसत होते आणि ज्यासाठी पैसे मोजले जात होते ती बोली मजकुरातून धुऊन निघत होती. हे माझ्या लक्षात आणून दिले ते जळगावकडच्या एका बाईंनी. त्यांचे पैसे तीनदा कापले गेले होते आणि तिसऱ्या वेळी त्यांनी फोन करून विचारले, “दादा, तुम्हाला आमचं बोलणं पाहिजे का पुस्तकातलं?” कापलेले पैसे परत केले, बिघडलेला मजकूर मात्र पुन्हा करावा लागला.

आपल्या मासिकांत याच जातीचा धोका आहे आणि तो बोलीपेक्षा अधिक लपलेला आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले आणि त्यांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. आपले अंक त्याच्या आधीचे आहेत. समजा मूळ पानावर ही ओळ आहे:

त्यांनीं तें पुस्तक वाचलें, पण कांहीं कळलें नाहीं.

मोजून पाहा, आठ अनुस्वार आहेत. स्कॅन फिकट असले की यंत्राला हे ठिपके म्हणजे कागदावरचे डाग वाटतात आणि काही गळतात. कच्चा मजकूर साधारण असा येतो:

त्यांनी तें पुस्तक वाचले, पण कांही कळलें नाही.

चार ठिपके गेले, चार राहिले. दुरुस्तीचे काम म्हणजे गेलेले चार परत ठेवणे, आणि त्यासाठी मूळ पान मोठे करून अक्षर अक्षर पाहावे लागते. पानामागे पैसे मिळणारा माणूस घाईत असतो. त्याच्या डोळ्याला आजचे शुद्धलेखन सरावाचे असते. तो गेलेले चार ठेवण्याऐवजी उरलेल्या चारांतले तीन काढून टाकतो, कारण त्याला त्याच ‘चुका’ दिसतात:

त्यांनी ते पुस्तक वाचले, पण काही कळले नाही.

ओळ स्वच्छ झाली. मूळ पान समोर न ठेवता वाचणाऱ्या तपासनिसाला ती निर्दोष वाटेल आणि तो शेरा मारील, ‘उत्तम’. तीस वर्षांच्या मासिकांतून मराठी लेखनाचा एक सबंध काळ अशा रीतीने पुसला जाऊ शकतो, आणि तो पुसणारा प्रत्येक जण मन लावून काम करीत असेल. आणि जर आपण सापडलेल्या चुकांमागे पैसे देण्याचा विचार केला, जो पुष्कळांना सुचतो, तर ही हानी दुपटीने होईल, कारण मग ‘तें’चे ‘ते’ करण्याला प्रत्यक्ष बक्षीस मिळेल.

एवढे धोके सांगितल्यावर एक अनुकूल गोष्टही सांगतो. कामगिरीवर बांधलेला मोबदला सर्व कामांत सारखा चालत नाही. २०१५ मध्ये चिएन-जू हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेकॅनिकल टर्कवरच प्रयोग करून दाखवले की जेथे जास्त वेळ आणि जास्त लक्ष दिल्याने काम खरोखर सुधारते, तेथेच चांगल्या कामाचे जादा पैसे उपयोगी पडतात. मुद्रितातील चुका शोधणे हे तशा कामांपैकी एक निघाले. उलट कठीण हस्ताक्षर वाचणे किंवा ध्वनिमुद्रण ऐकून लिहिणे यांत जादा पैशाने फरक पडला नाही. जे अक्षर लागतच नाही ते बक्षिसाने लागत नाही. मोडी कागदपत्रांच्या बाबतीत माझा अनुभव तंतोतंत हाच आहे: ज्याला मोडी येते त्याला रास्त मानधन द्यावे आणि ज्याला येत नाही त्याला बक्षीस दाखवू नये. आपले काम मात्र छापील मजकुराचे आहे. तेथे डोळ्यांत तेल घालून पाहिले तर चूक दिसतेच. म्हणून ठरावीक मूळ मोबदला, जो प्रामाणिकपणे केलेल्या प्रत्येक लेखाला मिळेलच, आणि त्यावर शुद्धतेचा थोडा जादा मोबदला, अशी दुहेरी बांधणी आपल्याकडे चालेल.

शुद्धता मोजण्यासाठी पेरलेल्या चुका वापराव्यात. एखाद्या अनुभवी माणसाकडून काही पाने अक्षरशः पूर्ण शुद्ध करून घ्यावीत, त्यांच्या प्रतीत ठरावीक चुका घालाव्यात आणि ही पाने कामात मिसळून द्यावीत. चुका यंत्र करते त्याच जातीच्या असाव्यात: घ-ध, भ-म, थ-य, ब-व यांची अदलाबदल, तुटलेला रफार, गळालेला अनुस्वार. टंकलेखकाच्या धाटणीच्या चुका पेरल्या तर त्या पटकन ओळखू येतात आणि लोक त्याच शोधतात. मोजताना दोन आकडे ठेवावेत: पेरलेल्यांपैकी किती सापडल्या, आणि मुळात बरोबर असलेले किती बिघडवले. दुसरा आकडा कोणी ठेवत नाही. वरच्या ओळीतले तीन ठिपके त्याच आकड्यात दिसतात, अन्यथा कोठेच दिसत नाहीत. आणि असे पेरले जाते हे कामाला येणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगावे. लपवलेला सापळा एकदा उघडा पडला की पुढच्या प्रत्येक सूचनेवरचा विश्वास उडतो.

जुळवाजुळवीबद्दल माझ्या वरच्या चुकीवरून आपण असा निष्कर्ष काढू नये की दोघांकडून काम करून घेणे व्यर्थ आहे. खिळ्यांच्या छापखान्यांत एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचे आणि दुसरा प्रुफावर डोळे ठेवी. वाचणारा अनुस्वार आणि स्वल्पविरामसुद्धा उच्चारी. ‘कांहीं’ वाचताना ‘का-वर-अनुस्वार, ही-वर-अनुस्वार’ असे सूर लावून म्हणणारे लोक मी लहानपणी ऐकले आहेत. तेथेही मुद्रितशोधकाला फॉर्मवर, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचावर, पैसे मिळत, म्हणजे उक्तेच. पण दोघांपैकी कोणाचेही पैसे दुसऱ्याशी न पटल्यामुळे कापले जात नसत. जुन्या पुस्तकांचे स्कॅन दुरुस्त करणाऱ्या, २००० पासून चालू असलेल्या डिस्ट्रिब्यूटेड प्रूफरीडर्स या स्वयंसेवी उपक्रमात एकेक पान अनेक फेऱ्यांतून जाते, आणि विकिस्रोत या खुल्या ग्रंथसंग्रहातही एकाने तपासलेले पान दुसऱ्याने प्रमाणित करावे लागते. आपणही दोघांकडून स्वतंत्रपणे काम करून घ्यावे, जेथे फरक पडेल तेवढ्याच ओळी तिसऱ्या जाणत्या माणसाकडे मूळ पानासह पाठवाव्यात, आणि फरकाचा पैशाशी संबंध ठेवू नये. फरक ही माहिती आहे. तिच्यावर दंड बसवला की ती मिळेनाशी होते.

स्वयंसेवकांच्या बाबतीत मी अधिक सावध आहे. रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये रक्तदानाविषयी मांडलेला मुद्दा, की दानाला किंमत लावली की दानाची प्रकृतीच बदलते, नंतरच्या काळात पुष्कळदा तपासला गेला आहे आणि त्याला अपवादही सापडले आहेत. पण आपल्या भाषांतल्या एका उदाहरणाने मला पुष्कळ शिकवले. २००९ नंतरच्या एक-दोन वर्षांत गुगलने काही भारतीय भाषांतील विकिपीडियांत पगारी भाषांतरकारांकडून, यंत्राची मदत घेऊन, इंग्रजी लेखांची भाषांतरे घालायला सुरुवात केली. लेख भराभर वाढले. पण भाषांतरे कृत्रिम होती, आणि भाषांतरकार आपला लेख चढवून निघून जात. चुकांबद्दल विचारले तर उत्तर द्यायला कोणी नसे. वर्षानुवर्षे विनामोबदला राबणाऱ्या संपादकांच्या वाट्याला ती निस्तरणी आली. बंगाली विकिपीडियाने असे लेख नाकारले. तमिळ संपादकांनी गुगलशी बोलून विषय, संख्या आणि दर्जा यांबाबत अटी घातल्या. ती माणसे पैसे घेतात याचा राग त्या संपादकांना नव्हता असे मला वाटते; एका बाजूला मोजून काम आणि दुसऱ्या बाजूला न मोजता निस्तरणे, ही वाटणी त्यांना सलली.

म्हणून दोन्ही कामे वेगळी ठेवावीत. स्वयंसेवकांना लेख निवडू द्यावेत, त्यांच्या पानांवर दर लिहू नये आणि पगारी लोकांच्या चुका दुरुस्त करण्याचे काम त्यांच्या गळ्यात घालू नये. अडलेल्या ओळींचा निवाडा करण्याचा मान मात्र त्यांतल्या जाणत्यांना द्यावा. पगारी कामाला जाहिराती, अनुक्रमणिका, पोचपावत्या, वर्गणीदारांच्या याद्या आणि ज्यांना कोणी हात लावत नाही ते अंक द्यावेत. ज्या स्वयंसेवकाला पगारी काम हवे असेल त्याने ते उघडपणे मागावे आणि त्याला ते मिळावे. पेन्शन नसलेल्या माणसाची आस्था खोटी नसते. पैशांशिवायची दखल क्षुल्लक समजू नये. इंग्रजी विकिपीडियाच्या सर्वांत कामसू संपादकांपैकी काहींना, चिठ्ठ्या टाकून निवडावे तसे निवडून, ‘बार्नस्टार’ हे नुसते चित्ररूप पदक दिले गेले तेव्हा त्यांचे काम पदक न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे ६० टक्क्यांनी वाढले, असा २०१२ मधील एक अभ्यास आहे. कामाचा उपयोग सांगण्यालाही किंमत आहे, आणि त्याहून जास्त किंमत ते वाया जाते आहे असे वाटू न देण्याला. डॅना चँडलर आणि अॅडम कॅपेलनर यांनी अमेरिका आणि भारतातील लोकांना सूक्ष्मदर्शकातील चित्रांवर खुणा करायला दिल्या. त्या कर्करोगाच्या पेशी असून संशोधनाला मदत होईल असे ज्यांना सांगितले त्यांनी अधिक चित्रे केली, जरी अचूकता विशेष वाढली नाही. तुमचे काम टाकून दिले जाणार आहे असे ज्यांना सांगितले त्यांची संख्या कमी झाली नाही, पण अचूकता घसरली. आपल्या स्वयंसेवकांनी दुरुस्त केलेले पहिले दोनशे लेख अजून कोठेही वाचायला ठेवलेले नाहीत, असे आपण पत्रात ओघात लिहिले आहे. कामाच्या संथपणाचे एक कारण मला तेच वाटते, आणि त्यावर देणगीतला एक रुपयाही लागणार नाही.

‘मोले घातले रडाया’ ही म्हण आपल्या एका विश्वस्तांनी उद्धृत केली आहे. मी तिच्याशी पूर्णपणे सहमत नाही. पैशाने आस्था विकत मिळत नाही हे खरे. पण पैशाने कामाला कोण बसू शकते हे ठरते. विनामोबदला मुद्रितशोधन करणारे आपले चाळीस जण कोण आहेत ते पाहा: निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले, परदेशात राहणारे दोघे-तिघे. मराठी उत्तम असलेली, पण दुपारी शिवणकाम करणारी मुलगी त्यांत नाही. तिला बोलावले तर दर्जा पडेल हा समज महाराष्ट्रातच तपासला गेला आहे. पुढे ‘कार्या’ नावाने वाढलेल्या उपक्रमाच्या आरंभीच्या, २०१९ मधील अभ्यासात संगणकाशी आणि इंग्रजीशी फारसा परिचय नसलेल्या ग्रामीण लोकांनी साध्या स्मार्टफोनवर देवनागरी हस्ताक्षरातील शब्द टंकित केले, अचूकता ९६.७ टक्के आली आणि एकूण काम व्यावसायिक टंकन संस्थेच्या तोडीचे ठरले. २०२० मध्ये मराठी ध्वनिमुद्रणाच्या अशाच अभ्यासात ३६ जणांकडून १०९ तासांचे मुद्रण जमले. कमी उत्पन्नाच्या ग्रामीण आणि शहरी लोकांचे काम विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या कामाहून उणे नव्हते. २०१९ च्या अभ्यासात संशोधकांनी एक शिफारस केली आहे जी मला मोलाची वाटते: लोक उत्साहाने इतके काम करू लागले की रोजच्या कामाला मर्यादा घालावी. मी स्वतः मुद्रितशोधनाला दिवसाचे तीन तास ही हद्द ठेवतो. त्यानंतरची पाने भरतात, पण पेरलेल्या चुका सापडत नाहीत.

आता दर. आपण स्वतः, एक सराईत स्वयंसेवक आणि एक अगदी नवखा माणूस अशा तिघांनी तीन वेगवेगळ्या प्रकारचे लेख घड्याळ लावून पूर्ण करावेत. नवख्याचा वेळ धरावा, सराईताचा नाही. एक हजार शब्दांना किती मिनिटे लागली ते काढून, आपल्या भागात शिकलेल्या माणसाला बसून करायच्या कामाचा जो रास्त तासाचा मोबदला वाटेल त्याने गुणावे, आणि प्रत्येक लेखाची रक्कम तो घेण्याआधीच त्याच्यासमोर लिहिलेली असावी. एवढा निधी नसेल तर दर कमी करू नये, लेख कमी करावेत. शुद्धतेचा जादा मोबदला मूळ रकमेच्या पाव भागाहून मोठा नसावा, नाहीतर लोक पेरलेल्या पानांचा माग काढण्यात वेळ घालवतात. पैसे दर शनिवारी खात्यावर जावेत. महिनाभर थकलेल्या पैशाचा परिणाम मी पुढच्याच आठवड्याच्या शुद्धतेत पाहिला आहे. काम परत पाठवायचे तर कोणत्या ओळीसाठी ते मूळ पानाच्या चित्रासह दाखवावे, एकदा सुधारण्याची संधी द्यावी आणि तरीही जमले नाही तर झालेल्या कामाचे मूळ पैसे देऊन पुढचा लेख देऊ नये. शिकाऊ पानांचेही पैसे द्यावेत.

सुरुवात सहा माणसांनी आणि एका वर्षाच्या अंकांनी करावी. पहिल्या महिन्यानंतर मला दोन गोष्टी पाठवा: सहाही जणांचे पेरलेल्या चुकांवरून निघणारे ते दोन आकडे, आणि प्रत्येकाने दुरुस्त केलेले एक पान मूळ स्कॅनसह. ज्या पानावर ‘कांहीं’चे दोन्ही ठिपके जागेवर असतील त्या माणसाला मी दुसऱ्या महिन्यात तपासनीस करीन.